दोन कान

एका वेळी एकाच माणसाने बोलावे हा नियम आपल्याकडे फक्त सभेत आणि कोर्टात पाळला जातो. तिथेही तो कितपत पाळला जातो हे मी सांगायला नको. बाकी पारावर, ओट्यावर, माजघरात, एस. टी.च्या थांब्यावर चार माणसे जमली की चारही बोलतात. आणि मौज अशी की चौघांनाही चौघांचे ऐकू येते. एकजण गोष्ट सुरू करतो, दुसरा तिच्यातले साल दुरुस्त करतो, तिसरा "तसं न्हवं" म्हणून ती मुळापासून पुन्हा सांगू लागतो. मग भिंतीला टेकून बसलेली एखादी म्हातारी कुणाकडेही न बघता एवढेच म्हणते, "बैल तांबडा न्हवता, बांडा व्हता." गोष्ट तेवढ्याने खरी होते. या दिवाळीत फराळाच्या ताटांभोवती तुमच्या घरी काय चालले आहे ते जरा कान देऊन ऐका, म्हणजे मी काय म्हणतो ते तुम्हाला पटेल.

हे असले बोलणे यंत्रात धरून ठेवायचे, असे वेड मला लागले आहे. निमित्त आहे एका कादंबरीचे. कोयनेचे पाणी १९६१-६२ च्या सुमारास अडू लागले आणि आज ज्याला शिवसागर म्हणतात त्याच्या पोटात खोऱ्यातली गावेच्या गावे गेली. माणसे विखुरली. कुणी वर डोंगराच्या कुशीला सरकली, कुणी सांगली-सोलापूरकडे आली, कुणी घाट उतरून कोकणात रायगड-ठाण्यापर्यंत गेली. जी जवळपास राहिली त्यांना १९६७ सालच्या ११ डिसेंबरच्या पहाटे भूकंपाने गाठले. मी ज्या शाळेत शिकवतो तिच्या पलीकडच्या माळावर अशीच एक उठून आलेली वाडी आहे. त्या वेळची दहा-बारा वर्षांची पोरे आज पंचाहत्तरी ओलांडून बसली आहेत. दरवर्षी त्यांतली एक-दोन कमी होतात. बुडालेल्या गावाचा नकाशा कागदावर कुठे असेल तो असो. पण कुणाच्या परसातून कुणाच्या परसात जाता येत होते आणि कुणाच्या विहिरीवर कुणाला येऊ देत नव्हते, हा नकाशा फक्त या दहा-बारा डोक्यांत उरला आहे.

आता तुम्ही म्हणाल, एकेकाकडे जावे, विचारावे, लिहून घ्यावे. तसेही मी केले. पण एकट्या म्हाताऱ्यासमोर वही उघडली की तो भाषण करतो. कपाळावरची टोपी नीट करतो, घसा साफ करतो, आणि आमदाराला अर्ज वाचून दाखवावा तसे बोलतो. तोच माणूस चौघांत बसला की त्याची टोपी मागे सरकते. त्याला कुणी तरी खोटे पाडतो, तो चिडतो, आणि चिडण्याच्या भरात अशी एखादी गोष्ट सांगून जातो की जी त्याला स्वतःलाही साठ वर्षांत आठवली नव्हती. आठवण ही भांडणातून वर येते, असा माझा तरी अनुभव आहे. म्हणून मला घोळका हवा होता, आणि घोळक्याचे बोलणे पकडील असे यंत्र हवे होते.

माणसाचा आवाज गोळा करण्याची हौस तशी नवी नाही. अमेरिकेत जेसी वॉल्टर फ्यूक्स या गृहस्थाने १८९० साली एडिसनचा फोनोग्राफ पासामाकोडी लोकांच्या वस्तीत नेला आणि त्यांची गाणी व गोष्टी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतल्या. आपल्याकडे ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषा-पाहणीला जोडून १९१३ ते १९२९ या काळात ठिकठिकाणच्या बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या झाल्या. बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट आपापल्या बोलीत सांगायची, असा त्यातला मुख्य पाठ. कर्ण्यासमोर एक माणूस, आणि एक ठरलेली गोष्ट. भाषेचा नमुना म्हणून ते ठीकच आहे. पण मधेच कुणी म्हणाले नसेल ना, की अहो, त्या पोराने बापाचे पैसे असे उडवलेच नव्हते! आपल्या मावळ-मुळशीकडच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी बायाबापड्यांत बसून वर्षानुवर्षे गोळा केल्या. लाखाहून अधिक ओव्या भरल्या त्या. तिथे दोघी-तिघी जणी एका सुरात येतात, एक ओवी सोडते, दुसरी उचलते. माझे काम त्याहून बेसूर होते. मला एकमेकींचे बोलणे तोडणारी माणसे हवी होती.

"एवढा मोबाईल आहे की खिशात!" असे मला आमच्या शाळेतल्या सातवीच्या पोरानेही सांगितले. मोबाईलची निंदा मी करणार नाही. पण तो बनवला आहे एका माणसाने तोंडाजवळ धरून बोलण्यासाठी. जवळच्या आवाजाला तो आवाज मानतो आणि बाकीच्याला गोंगाट. शिवाय त्याच्यात आवाजाची पातळी आपोआप खालीवर करण्याची सोय असते. कुणी मोठ्याने बोलले की यंत्र दबते, सगळे गप्प झाले की तेच यंत्र धावत जाऊन पंख्याची घरघर उचलून आणते. आणि बहुधा सगळे एका धारेत ओतले जाते. चार माणसे एकदम बोलली की त्यातून उरतो तो सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस. गावात मोठ्या आवाजाचा माणूस कोण असतो, हे खेड्यात राहिलेल्यांना सांगायला नको. त्याचे म्हणणे सरकारी कागदातही असते आणि वर्तमानपत्रातही आलेले असते. भिंतीला टेकलेल्या म्हातारीचा बांडा बैल मात्र तिथे हरवतो.

मग आपल्याला तो कसा ऐकू येतो? तर आपल्याला कान दोन आहेत म्हणून. माझे पदार्थविज्ञान शाळेपुरते, पण एवढे मी वाचून समजून घेतले. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी पोचतो, उजव्याला मागाहून. अंतर केवढे, तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी! शिवाय मधे डोके येते, त्याची सावली पडून पलीकडच्या कानाला तो आवाज थोडा बारीक आणि बोथट लागतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू ठरवतो की आत्या त्या कोपऱ्यात बोलते आहे आणि काका या कोपऱ्यात. आणि मग हवे तिकडे लक्ष देतो. कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने १९५३ साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच माणसाच्या आवाजातले दोन वेगळे मजकूर एकत्र मिसळून ऐकवले, तर ऐकणाऱ्याला ते सोडवताना घाम फुटे. तेच दोन मजकूर एकेका कानात वेगवेगळे सोडले, तर हवा तो मजकूर तो सहज म्हणून दाखवी.

यंत्राला दोन कान देण्याची कल्पना याच्याही आधीची. ॲलन ब्लमलाइन हा इंग्रज इंजिनियर. सिनेमा पाहताना त्याच्या मनात आले, म्हणतात, की नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज दुसरीकडूनच, हे काही खरे नाही. त्याने १९३१ च्या डिसेंबरात आपल्या शोधाच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे १९३४ साली लंडनच्या ॲबी रोडवर मोझार्टच्या संगीताची तालीम त्याने या पद्धतीने मुद्रित केली. पण मला आवडतात त्या त्याच्या सुरुवातीच्या चाचण्या. त्यांत तो आणि त्याचे सहकारी रंगमंचावर इकडून तिकडे चालत नुसते बोलत आहेत! वाद्यवृंद मागाहून आला. आधी आली ती गप्पा मारणारी माणसे. १९४२ साली युद्धात, रडारची चाचणी घेताना विमान कोसळून तो गेला. वय अवघे अडतीस.

एवढी विद्या पदरात बांधून मी पुण्याला तपकीर गल्लीत गेलो. दुकानदार तरुण होता. त्याने पहिला प्रश्न केला, "यूट्यूबसाठी का सर?" मी म्हटले, "नाही, म्हाताऱ्या माणसांसाठी." तो जरा गोंधळला, पण माणूस भला. त्याने आधी लांबोडका गनमाईक काढला. तो बंदुकीसारखा ज्याच्यावर रोखावा त्याचेच ऐकतो. म्हणजे बोलणाऱ्याच्या मागे मी तो फिरवत बसायचा, आणि मी पोचेपर्यंत बोलणे तिसरीकडे गेलेले असायचे. मग कॉलर माईक. प्रत्येकाच्या छातीवर एकेक टाचला, तर खरे पाहता याहून स्वच्छ काम नाही. सहा माणसे, सहा वेगळ्या धारा. पण त्याला तेवढ्या धारा घेणारे यंत्र लागते, पैसा लागतो. आणि पदराला माईक टाचलेली बाई नवरीसारखी ताठ बसते. ते मला नको होते.

राहिला तो जोडमाईक, म्हणजे स्टिरिओ. त्याच्यातही पोटजाती आहेत. एकात दोन माईक एकाच जागी, काटकोनात एकमेकांवर आडवे ठेवलेले असतात. खिशात मावणाऱ्या पुष्कळ रेकॉर्डरांच्या डोक्यावर खेकड्याच्या नांग्यांसारखे दिसतात ते हेच. यांत आवाज दोघांनाही एकाच वेळी पोचतो, फक्त लहान-मोठेपणाचा फरक पडतो. म्हणून पुढे दोन्ही धारा एक केल्या तरी बिघडत नाही. दुसऱ्या प्रकारात फ्रेंच रेडिओवाल्यांनी रूढ केलेली रीत: दोन माईकांत सतरा सेंटिमीटर अंतर आणि एकशे दहा अंशांचा कोन. यात वेळेचाही फरक सापडतो, कान बरेचसे फसतात. तिसऱ्यात एक माईक समोर बघतो आणि एक दोन्ही बगलांकडे. ऐकणाऱ्याने नंतर गणित करून चित्र हवे तेवढे रुंद करायचे. हे तिन्ही आपापल्या जागी उत्तम. बाजेवर तिघे समोर बसले असतील तर मी डोळे मिटून पहिला घेईन. पण या सगळ्यांना एक समोर असतो आणि एक पाठ असते. आमच्या वाडीत माणसे कोंडाळे करून बसतात. कोंडाळ्यात कुणाला पाठ करायची?

हा प्रश्न मी दुकानदाराला विचारला तेव्हा त्याने गल्ल्यावरचा हात काढला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले. म्हणाला, "सर, मग तुम्हाला ऑम्नी लागणार." ऑम्नी म्हणजे चहूकडचे सारखे ऐकणारा. शेंगदाण्याएवढे असे दोन माईक, दोन्हींच्या वायरी एकाच स्टिरिओ पिनेत जाणाऱ्या. मोठ्या माईकांना अठ्ठेचाळीस व्होल्ट पुरवावे लागतात. यांना रेकॉर्डरच्याच भोकातून मिळणारे दोन-तीन व्होल्ट पुरतात, फक्त ती सोय त्या रेकॉर्डरात हवी. वाऱ्याचा भपकारा आणि हाताळण्याची खुडबूड या जातीला त्या मानाने कमी लागते, हा आणखी एक फायदा. नुसते दोन ऑम्नी शेजारी ठेवले तर मात्र दोघांनाही जवळजवळ एकच ऐकू येणार. दोघांच्या मधे डोके पाहिजे.

डोके मिळाले स्वित्झर्लंडहून. युर्ग येकलिन नावाच्या तिथल्या ध्वनिमुद्रकाने दोन ऑम्नींच्या मधे सुमारे तीस सेंटिमीटर व्यासाची, दोन्ही अंगांनी मऊ वेष्टण घातलेली एक चकती उभी केली होती. माईकांमधले अंतर साडेसोळा सेंटिमीटर. आमच्या गावच्या सुताराने प्लायवूडची चकती कापून देताना विचारले, "गुरुजी, पोळपाट का?" मी होय म्हटले. दोन्ही बाजूंना जुन्या घोंगडीचे तुकडे चिकटवले. लोकर आवाज गिळते, परत फेकीत नाही. घरातून शेरा आला, "पोळपाटाला घोंगडी! आता लाटण्याला स्वेटर करा." पण काम झाले. वाडीत त्या यंत्राला पोळपाट हेच नाव पडले.

पुढच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. पोळपाट कोंडाळ्याच्या मधोमध, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर उभा करायचा. खाली चार घड्यांची गोधडी, म्हणजे कुणी पाय आपटला तर तो आवाज वर चढत नाही. अंतर शक्य तितके कमी, कारण अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. महागडा माईक दूर ठेवण्यापेक्षा स्वस्त माईक जवळ ठेवणारा शहाणा. पंखा बंद, चैत्रातसुद्धा. आपोआप पातळीची सोय बंद, आणि मोठ्यात मोठे हसू उणे बाराच्या आसपास थांबेल असा आकडा हाताने लावायचा. मुद्रण न दाबलेले, म्हणजे वेव्ह पद्धतीचे. तासाला साधारण एक जीबी जाते, जाऊ द्यावे. आणि या यंत्राला डावे-उजवे कळते, पण पुढचे-मागचे कळत नाही. म्हणून प्रत्येक बैठकीला वहीत एक वर्तुळ काढून कोण कुठे बसले ते लिहायचे. आरंभी तारीख, ठिकाण सांगायचे, यंत्र काय करते ते सांगायचे आणि प्रत्येकाची परवानगी त्याच्याच आवाजात घ्यायची. लपवून मुद्रण करणाऱ्यांचे मला काही सांगू नका. ती चोरी आहे.

पहिल्याच बैठकीला आठ जण होते. विषय निघाला गाव सोडल्या दिवसाचा. तीन म्हाताऱ्या पुरुषांनी तो ताब्यात घेतला. ट्रक किती, भात किती पोती, कौले उतरवली की तशीच ठेवली, देव कुणी उचलला, यावर तासभर वाद रंगला. त्याग हा शब्द चार वेळा आला. बाया पलीकडे होत्या. मला वाटले, त्या गप्प आहेत.

रात्री घरी कानाला हेडफोन लावून मी लिहून काढायला बसलो. डोळे मिटले की ते कोंडाळे माझ्याभोवती जसेच्या तसे बसे. समोर कुठे तरी ट्रकांचा हिशेब चालला होता. आणि डाव्या हाताला, अगदी कडेला, दोघी म्हाताऱ्या आपसांत बोलत होत्या. इतक्या हळू, की एकाच धारेच्या मुद्रणात तो नुसता घोंघाट वाटला असता. मी तो भाग सात-आठ वेळा ऐकला. पुरुष ज्या रात्रीबद्दल बोलत होते तिच्याचबद्दल त्या बोलत होत्या. तीन वाक्ये, आणि एक सुस्कारा. त्या तीन वाक्यांनी समोरचा तासभराचा वाद एकदम पोकळ करून टाकला. ती काय होती हे मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे येईलच.

कादंबरीकार ही जात लोचट असते. ते ऐकले तेव्हा माझ्या हाताने आधी पेन उचलले, हे सांगायला हरकत नाही. तीन वर्षे ज्या प्रकरणापाशी कादंबरी अडली होती त्याची किल्लीच ती. पण परवानगी आजीने दिली होती ती कोंडाळ्यात बोलण्याची. शेजारणीच्या कानात सांगितलेले मला देण्याची नव्हे. यंत्र सगळे ऐकते असे मी सांगितले होते खरे. पण सगळे म्हणजे किती, हे ऐकल्याशिवाय कुणाला कळावे? जो माईक दबलेल्या आवाजाला न्याय देतो म्हणून मी त्याला शोधीत हिंडलो, तोच दबक्या आवाजाचा चहाडखोरही होऊ शकतो. तपकीर गल्लीत याचे उत्तर मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आजीकडे गेलो. ती शेंगा फोडीत बसली होती. तिच्या कानाला हेडफोन लावले आणि तिचा तुकडा तिला ऐकवला. तिने शेंगांवरचा हात थांबवला.

"ह्ये बी ऐकलं व्हय त्या पोळपाटानं?"

"ऐकलं, आजी. पुसून टाकू?"

ती बराच वेळ बोलली नाही. कोंबडी सूप टोकरायला आली तिला तिने हाकलले. मग म्हणाली, "पुसू नगा. माज्यामागं कोन सांगनार हाय? पन ती मानसं हायेत तवर वाजवू नगा. आनि लिवू बी नगा."

"बरं."

"तिला बी इचारा. तिचं बी त्येच्यात हाय."

तिला, म्हणजे शेजारणीलाही विचारले. तिने आजीवर हवाला ठेवला. मग वाडीच्या समाजमंदिरासाठी जी प्रत केली तिच्यातला तेवढा भाग मी गप्प केला. मूळ मुद्रण दोन ठिकाणी जपून ठेवले आहे, बरोबर अट लिहिलेली चिठ्ठी आहे. कादंबरीतले ते प्रकरण अजून अडलेलेच आहे. माझ्या एका लेखक-मित्राने सुचवले, नावे बदल, जिल्हा बदल, कुणाला कळणार आहे? मी त्याला म्हटले, आजीला कळेल. तो हसला. त्याच्या हसण्याचा मला राग आला नाही. पण त्याला ते मुद्रणही ऐकवले नाही.

त्यानंतर चार बैठका झाल्या. आता मी सुरुवातीलाच पाच मिनिटांचा तुकडा काढून सगळ्यांना फिरवून ऐकवतो. कडेला कुजबुजलेले किती येते ते ज्याचे त्याला कळते. त्याने बोलणे थोडे आखडेल अशी मला भीती होती. पुरुषांचे आखडले, थोडे. बायांचे उलट वाढले.

मागच्या बैठकीला आजी सर्वांच्या आधी आली. मी वायरी जोडीत होतो. तिने पोळपाटाभोवती एक फेरी घातली, घोंगडीवर बोट फिरवून पाहिले.

"ह्येची पाठ कुनीकडं हाय, गुरुजी?"

"पाठ नाही त्याला, आजी. चहूकडून ऐकतं."

"आनि जवळ-लांब?"

"ते आहे. लांबचं बारीक येतं."

तिने मान हलवली. शेजारीण मागोमाग आलीच होती, तिला तिने उंबऱ्यापाशी बसवले. तिथून काही ऐकू येत नाही ना, हे माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतले. मग आपले बसायचे पोते ओढीत पुढे आणले, पोळपाटापासून हातभर अंतरावर बसली, आणि पुरुष मंडळी यायची वाट न पाहता मला म्हणाली, "लावा."